मॅसिडोनियाची भाऊबंदकी

अलेक्झांडर म्हणजे आपला सिकंदर. झेलमच्या काठी पोरसाशी झालेली त्याची लढाई आपण शाळेत असताना वाचलेली असते. परंतु या जगज्जेत्याच्या मृत्यूनंतर अवघ्या पंधरा वर्षांच्या आत त्याच्या घराण्याचा निर्वंश झाला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर मॅसिडोनियाच्या राज्यरचनेत सापडते. राजा आर्गेअड घराण्यातलाच हवा, हा तेथील दंडक होता. पण थोरल्या मुलानेच गादीवर बसावे, असा नियम नव्हता. भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ, कोणीही दावा सांगावा आणि सरदार व सैन्य ज्याचा जयघोष करतील त्याने राजा व्हावे! साहजिकच सरदार घराण्यांना मोठे महत्त्व आले. त्यातही लिंकेस्टिस, ओरेस्टिस, एलिमिया या डोंगरी मुलखांतील घराणी पूर्वी स्वतंत्रपणे राज्य करणारी होती. ती सहजासहजी मान तुकविणारी नव्हती.

इ.स.पू. ३५९ मध्ये तिसरा पर्डिक्कस इलिरियनांशी लढताना चार हजार सैनिकांसह पडला. सत्ता त्याचा भाऊ फिलिप याच्या हाती आली. लगेच दोन दावेदार उभे राहिले. एकाला अथेन्सचे पाठबळ, दुसऱ्याला थ्रेसच्या राजाचे! फिलिपने दोघांचाही बंदोबस्त केला. पुढे त्याने सरदारांचे मुलगे दरबारी सेवेत ठेवून घेतले. ते राजाबरोबर शिकारीस जात, रात्री त्याच्या शयनगृहाबाहेर पहारा करीत. मुलांचे शिक्षणही होई आणि बापांच्या इमानाला तारणही मिळे.

फिलिपचे दुसरे साधन म्हणजे सोयरिकी. त्याने सात विवाह केले. पण प्रत्येक राणीबरोबर गादीचा नवा वारस संभवत होता. इ.स.पू. ३३७ मध्ये त्याने सरदार अट्टालस याची पुतणी क्लिओपात्रा हिच्याशी लग्न केले. त्या मेजवानीत अट्टालसने आता राज्याला औरस वारस लाभो, अशी प्रार्थना केली. अलेक्झांडरने संतापून हातातला प्याला त्याच्या अंगावर फेकला आणि फिलिपने मुलावरच तलवार उपसली, असे प्लुटार्क सांगतो. माता ऑलिंपिअस एपिरसला गेली, पुत्र इलिरियाला.

पुढे दिलजमाई झाली, पण इ.स.पू. ३३६ मध्ये मुलीच्या लग्नसोहळ्यातच ओरेस्टिसच्या पॉसेनिअसने फिलिपचा खून केला. गादीवर येताच अलेक्झांडरने लिंकेस्टिसच्या दोघा भावांना ठार केले. तिसरा भाऊ वाचला, कारण त्याने प्रथम नव्या राजाचा जयघोष केला होता आणि तो बलाढ्य अँटिपेटरचा जावई होता. चुलतभाऊ अमिंटास मारला गेला, अट्टालसही. क्लिओपात्रा व तिचे तान्हे मूल यांचा बळी ऑलिंपिअसने घेतला.

इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला अलेक्झांडर वारला, तेव्हा मागे उरले होते ते दुर्बल बुद्धीचा सावत्रभाऊ अरिडिअस आणि राणी रोक्सानाच्या पोटातील मूल! दोघांनाही राजे म्हणून घोषित केले गेले. सत्ता मात्र सेनापतींच्या हाती गेली. इ.स.पू. ३१७ मध्ये ऑलिंपिअसने अरिडिअसला मारविले. पुढच्याच वर्षी अँटिपेटरचा पुत्र कॅसँडर याने तिला संपविले आणि नंतर रोक्साना व तिच्या मुलालाही. याच कॅसँडरने फिलिपची कन्या थेस्सालोनिके हिच्याशी लग्न केले आणि तिच्या नावाने शहर वसविले. ते ग्रीसमध्ये आजही नांदते आहे. ज्यांचा वंश बुडविला, त्यांच्याच नात्याचा आधार त्याला घ्यावासा वाटला!

अलेक्झांडरला शत्रूंच्या फौजा नमवता आल्या. पण आपल्यामागून कोणी राज्य करावे, याचा नियम मात्र त्याने घालून दिला नाही. नवा राजा निर्धास्त व्हावा म्हणून भाऊबंद मारले जात. आणि भाऊबंद संपले तेव्हा घराणे राखायला कोणीच उरले नाही. आर्गेअडांच्या इतिहासाचा धडा तो हाच होय.