परदेशांतून सुरी मागवितांना

अमरसिंहानें आपल्या कोशांत छुरिकेस जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत ‘असिपुत्री’ हें एक आहे. असिपुत्री म्हणजे तलवारीची लेक. आमच्या स्वयंपाकघरांतील सुरी ह्याच छुरिकेची वंशज होय. तिचें माहेर शस्त्रागारांत, सासर मात्र चुलीपाशीं. आणि सासरीं ती इतकी रुळली आहे कीं, भाजी चिरतांना तिच्या माहेरची आठवण कोणासहि होत नाहीं. परंतु तीच सुरी पार्सलांत बसून एका देशांतून दुसऱ्या देशांत निघाली, म्हणजे वाटेंतील प्रत्येक नाक्यावर तिला माहेराविषयींच विचारणा होते. हें हत्यार आहे कीं संसारोपयोगी वस्तु? ह्या प्रश्नाचें उत्तर तिच्याबरोबरच्या कागदानें द्यावयाचें असतें. परदेशांतून सुरी मागविणाऱ्यांस ज्या अडचणी येतात, त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ ह्या कागदांत असतें असें आमच्या पाहण्यांत आलें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

परदेशी पात्याची ओढ कांहीं आजची नव्हे. इंग्लंडांतील शेफील्डचे चाकू आमच्या वाडवडिलांच्या परिचयाचे होते. तेथील कारागिरांचा संघ १६२४ सालीं स्थापन झालेला आहे. जर्मनींतील झोलिंगेन ह्या गांवाचें नांव कोणत्या पात्यावर घालावें ह्याविषयीं १९३८ सालीं कायदाच झाला. अलीकडे विशेष ओढ आहे ती जपानच्या सुऱ्यांची. ओसाकाजवळील साकाई ह्या गांवची तंबाखू कापण्याच्या सुऱ्यांविषयीं फार जुनी ख्याति आहे. १८७६ सालीं जपानांत तलवार बांधून हिंडण्यास बंदी झाली, तेव्हां तलवारी घडविणारे कित्येक लोहार सुऱ्यांकडे वळले. साकाईस आजहि पातें घडविणारा एक, त्यास धार देणारा दुसरा व मूठ बसविणारा तिसरा, अशी कामाची वांटणी चालते. असें पातें मिळविण्यास पूर्वीं त्या देशीं जाणारा कोणी आप्त गांठावा लागे. आतां घरबसल्या फोनवरून मागणी नोंदवितां येते. मागणी नोंदविणें फार सोपें झालें आहे. सुरी घरीं येणें मात्र तितकें सोपें झालेलें नाहीं.

प्रथम कायद्याचा विचार करूं. आपल्या देशांत १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील २०१६ चे नियम आहेत. शस्त्र परदेशांतून आणावयाचें तर परवाना लागतो. ह्या नियमांच्या परिशिष्टांत तलवार, खंजीर, भाला ह्यांच्या पंक्तीस ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या बसविल्या आहेत; मात्र घरकाम, शेती, शास्त्रीय कार्य व उद्योगधंदे ह्यांकरितां बनविलेलीं साधनें त्यांतून वगळलीं आहेत. म्हणजे खऱ्याखुऱ्या स्वयंपाकाच्या सुरीस कायद्याची आडकाठी नाहीं. मग अडचण कोठें येते? ती येते मोजपट्टीपाशीं. ‘ग्यूतो’ नांवाची जपानी सुरी बहुधा २१० किंवा २४० मिलिमीटर लांबीची मिळते. २१० मिलिमीटर म्हणजे सुमारें सव्वाआठ इंच, आणि २४० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ साडेनऊ इंच. दुसरी सुरी नियमांतील आंकड्याच्या पलीकडे गेली, आणि ती घरकामाची आहे हें पटवून देण्याचा भार मागविणाऱ्यावर येऊन पडला. चिनी पद्धतीची सुरी लांबीस आंखूड असली तरी रुंदीस २ इंचांहून पुष्कळच अधिक भरते. नेहमींच्या संसारास १८० किंवा २१० मिलिमीटरचें पातें पुरतें. मग वादास निमित्त कां द्यावें? खटक्यासरशीं उघडणारे चाकू व दुधारी खंजिरासारखीं पातीं ‘शोभेचीं’ म्हणून विकलीं जात असलीं, तरी गृहस्थानें त्यांच्या वाटेस जाऊंच नये.

दुसरी गोष्ट बीजकाची. जागतिक व्यापारांतील मालाची जी क्रमवारी १९८८ पासून चालू आहे, तिच्यांत सुऱ्यांचा क्रमांक ८२११ असून तलवारी व संगिनी ह्यांचा ९३०७ आहे. त्यांतहि स्वयंपाकाच्या न मिटणाऱ्या सुरीस ८२११९२ व मिटणाऱ्या चाकूस ८२११९३ असे पोटक्रमांक आहेत. परदेशचा दुकानदार पुष्कळदां बीजकावर नुसतें ‘सुरी’ येवढेंच लिहितो. जकात-अधिकाऱ्यापुढें दिवसाकाठीं अगणित पार्सलें येतात. तेवढ्या एका शब्दावरून त्यानें काय ओळखावें? म्हणून पैसे भरण्यापूर्वीं दुकानदारास पत्र लिहून स्पष्ट कळवावें कीं, ‘स्वयंपाकाची सुरी, घरगुती उपयोगाची, पात्याची लांबी इतकी, क्रमांक ८२११९२’ असा मजकूर बीजकावर व पार्सलास चिकटवावयाच्या घोषणापत्रावर घालावा. टपालानें येणाऱ्या पार्सलावर हें घोषणापत्र सी. एन. २२ किंवा सी. एन. २३ ह्या नमुन्याचें असतें. जो दुकानदार इतकें करण्यास कांकूं करतो, त्याच्याकडून सुरी न घेणें बरें.

आतां खर्चाचा हिशेब. संकेतस्थळावर दिसणारी किंमत ही केवळ पहिली पायरी होय. सुरी १०,००० रुपयांची व वाहतूक २,००० रुपयांची असें समजूं. जकात आकारली जाते ती १०,००० वर नव्हे, तर वाहतूक व विमा धरून होणाऱ्या रकमेवर. त्या रकमेंत जकात मिळवून जी बेरीज येते, तिच्यावर पुन्हां एकात्मिक वस्तु व सेवा कर बसतो. अशा रीतीनें करावर कर चढतो. शिवाय कुरियर कंपनी जकात आपल्या पदरची भरून पार्सल सोडविते, त्याचा मोबदला निराळा. जकातीचे दर अंदाजपत्रकागणिक बदलत असल्यानें येथें आंकडा देण्यांत अर्थ नाहीं. मागणी नोंदविण्याच्या दिवशीं तो पाहून घ्यावा. कुरियरनें माल येणार असेल तर आधार, पॅन किंवा पारपत्र ह्यांपैकीं ओळखीचा कागद द्यावा लागतो. पार्सलावरील नांव व त्या कागदावरील नांव एकच असावें. घरांत जिला ‘माई’ म्हणतात तिच्या नांवें सुरी मागवावी आणि कागदांत तिचें नांव भलतेंच निघावें, असा घोटाळा एकत्र कुटुंबांत सहज होतो.

ह्यापुढील गोष्ट ह्या सर्वांहून महत्त्वाची आहे. जकातीचा हा बोजा पाहून कांहीं परदेशी दुकानदार आपण होऊनच सुचवितात कीं, ‘पार्सलावर भेटवस्तु असें लिहूं व किंमत निम्मी दाखवूं, नेहमींची रीत आहे.’ सूचना गोड वाटते. परंतु तिच्यांत दोन खोटेपणे आहेत, आणि त्यांतला पहिला तर मुळींच उपयोगाचा नाहीं. पूर्वीं ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंस जकात माफ असे. १२ डिसेंबर १९ च्या, म्हणजे २०१९ सालच्या, अधिसूचनेनें ही वाट बंद झाली. जीव वांचविणारीं औषधें व राखी येवढाच अपवाद उरला. म्हणजे जो शब्द सवलतीसाठीं लिहावयाचा, तोच आतां पार्सल अडविण्यास कारण होतो. दुसरा खोटेपणा किंमतीचा. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या १११ व्या कलमाखालीं, मूल्य किंवा अन्य तपशील खरा नसलेला माल जप्त होऊं शकतो, आणि दंड होतो तो निराळाच. बीजक खोटें लिहिणारा दुकानदार सातासमुद्रांपलीकडे सुरक्षित असतो. जबाब द्यावा लागतो तो घेणाऱ्यास.

आमच्या शेजारच्या एका कुटुंबांत असेंच घडलें. चौदा माणसांचा संसार. थोरल्या सुनेचा अंगठा दुखून तिला जुन्या बोथट सुरीनें चिरणें अवघड झालें, म्हणून धाकट्या दिरानें जपानांतील एका दुकानांतून २४० मिलिमीटरची सुरी मागविली. त्यानें कोणतीहि सवलत मागितली नव्हती. तरी दुकानदारानें ‘सुरी, भेट’ असें लिहून किंमत निम्मी दाखविली. पार्सल अडकलें. प्रथम ओळखीचा कागद, मग पैसे भरल्याचा पुरावा, मग सुरी कशासाठीं हवी ह्याचा खुलासा, अशीं एकामागून एक पत्रें येऊं लागलीं. घरांत दोन पक्ष पडले. एकाचें म्हणणें, भेट लिहिलें आहे तर भेटच म्हणावें. खरी किंमत सांगून आपणच आपल्या गळ्यांत फांस कां अडकवावा? दुसऱ्याचें म्हणणें, सुरी गेली तरी चालेल, पण सही खोट्या कागदावर नको. वडील दुसऱ्या पक्षाचे होते. त्यांच्या सांगण्यावरून पत्राचा मसुदा आम्हीं करून दिला. वस्तु विकत घेतली आहे, दिलेली किंमत ही, तिचा पुरावा हा, सुरी स्वयंपाकाची असून तिचें चित्र व मापें सोबत आहेत, आणि बीजकावरील मजकूर आमच्या सांगण्यावरून लिहिलेला नाहीं. येवढाच त्यांत मजकूर होता. तीन आठवड्यांनीं खऱ्या किंमतीवरील जकात व थोडा दंड भरून सुरी सुटली. एकंदर खर्च अंदाजाबाहेर गेला हें खरें. परंतु त्या घरांतील शाळकरी मुलांनीं तो सर्व वाद ऐकला होता, आणि आजोबा कोणत्या बाजूस होते हेंहि त्यांनीं पाहिलें. त्या शिक्षणाची किंमत कोणत्या बीजकांत मांडावी?

सुरी घरीं आली, पण मूठ हलते किंवा पातें वांकडें निघालें, तर पुढें काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानें ग्राहकास आपल्या राहत्या ठिकाणीं तक्रार करतां येते, आणि २०२० चे ई-वाणिज्य नियम भारतीय ग्राहकांस पद्धतशीरपणें माल विकणाऱ्या परदेशी दुकानांसहि लागू आहेत. तथापि निकाल मिळणें निराळें व परमुलखांतील दुकानदाराकडून पैसे वसूल होणें निराळें. सुरी परत धाडावयाची तर ती निर्यात ठरते. वाहतूक पुन्हां आपल्या माथीं. आयात केलेला माल तसाच परत पाठविल्यास भरलेल्या जकातीपैकीं ९८ टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळण्याची तरतूद सीमाशुल्क अधिनियमाच्या ७४ व्या कलमांत आहे. पण एका सुरीसाठीं तो खटाटोप कोण करणार? म्हणून पार्सल फोडतांनाच त्याचें चलच्चित्र घ्यावें, दुकानाचे परतीचे नियम आधींच वाचून ठेवावे, आणि पैसे अशा कार्डानें भरावे कीं, ज्याच्या बँकेकडे तक्रार नोंदवितां येईल. कार्डावर परदेशी व्यवहाराची मुभा चालू करून घ्यावी लागते, आणि काम झाल्यावर ती बंद करावी.

आतां वस्तूच्या गुणाविषयीं थोडेंसें. जपानी पातें जर्मन पात्याहून बहुधा अधिक कठीण असतें. त्यामुळें धार टिकते, पण पातें ठिसूळहि होतें. नारळ फोडणें, लाल भोपळा पिळवटून चिरणें किंवा फणसाच्या आठळ्या तोडणें हें त्याचें काम नव्हे. ‘शिरोगामी’ व ‘आओगामी’, म्हणजे पांढरा कागद व निळा कागद, हीं पोलादाचीं नांवें तें ज्या रंगाच्या कागदांत गुंडाळून येई त्यावरून पडलीं आहेत. हें पोलाद गंजतें. कोंकणच्या पावसाळ्यांत तें ओलें राहिलें तर सकाळपर्यंत तांबेरा चढतो, आणि लिंबू, कैरी चिरून तसेंच ठेवल्यास काळें पडतें. कांहीं जपानी सुऱ्यांस एकाच बाजूनें धार असते. त्या उजव्या हातासाठीं असतात, हें डावखुऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर असें पातें तापून त्याचें पाणी उतरण्याची भीति असते. ओल्या सहाणेवर सावकाश घांसणें हाच त्याचा उपाय. पात्यावरील लाटांची नक्षी पाहून ‘दमास्कस’ नांवास भुलूं नये. स्वस्त सुऱ्यांवर ती नुसती कोरलेलीहि असते. मुठीस हस्तिदंत किंवा हरणाचें शिंग असल्याची जाहिरात दिसल्यास सुरी मागवूंच नये, कारण तेथें वन्यजीवांचे कायदे आडवे येतात.

हा प्रवास उलट दिशेनेंहि होत असतो. परदेशीं स्थायिक झालेल्या आमच्या लेकी-सुनांस खवणीची विळी हवी असते, आणि ती तेथील बाजारांत सहजासहजीं मिळत नाहीं. ब्रिटनमध्यें एप्रिल २०२२ पासून धारदार वस्तु घरपोंच द्यावयाची तर घेणाऱ्याचें वय १८ च्या वर असल्याची खात्री करावी लागते. अमेरिकेनें ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून उठविली. त्या गोंधळांत आपल्या टपालखात्यानें २५ ऑगस्टपासून तिकडील पार्सलें घेणें थांबविलें होतें, तें १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं पुन्हां सुरू झालें. तेव्हां विळी धाडावयाची असेल तर त्या त्या देशाचा चालू नियम पाहावा, आणि शक्य तर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाबरोबर द्यावी. मात्र ती विमानांत जवळ ठेवावयाच्या पिशवींत नव्हे, तर खालीं द्यावयाच्या पेटींत, पात्यास पुठ्ठा बांधून. परदेशांतून येणाऱ्या आप्ताकडून सुरी आणवितांनाहि हाच नियम.

सारांश, परदेशची सुरी मागवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. दिवसांतून दोन वेळां जी वस्तु गृहिणीच्या हातीं असते, ती उत्तम असावी हें योग्यच आहे. मागविणाऱ्यानें पात्याचें माप नियमाच्या आंत ठेवावें, वर्णन स्पष्ट लिहवून घ्यावें, किंमत खरी दाखवावी आणि जकात धरून जो खर्च येईल तो झेपत असेल तरच पैसे भरावे. झेपत नसेल तर आपल्या गांवच्या लोहाराकडून चांगल्या पोलादाची विळी करून घ्यावी. तिला धार लावणारा तोच असतो, आणि ती बिघडली तर तिच्यासाठीं समुद्रापलीकडे पत्र लिहावें लागत नाहीं.