नौकेच्या तळावरील जुना रंग काढताना घ्यावयाची काळजी

महाराष्ट्राच्या सागरी जलक्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. किनाऱ्यावर ओढलेल्या नौकांची डागडुजी याच काळात केली जाते. तळावर वाढलेले शेवाळ व कवचधारी जीव पाण्याचा अवरोध वाढवितात. परिणामी डिझेल अधिक खर्ची पडते.

नौका वर घेताच, तळ ओला असतानाच तो धुऊन खरवडावा. वाळल्यावर हे थर घट्ट होतात. जुना रंग पोपडे धरत असेल, तरच तो पूर्णपणे काढावा.

शेवाळरोधक रंगात बहुधा तांब्याचे संयुग असते. म्हणून तो कोरडा घासू नये किंवा ज्योतीने जाळू नये. पाणी लावून पॉलिश पेपरने घासावा; मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. खाली ताडपत्री अंथरून खरवड गोळा करावी.

फ्रान्समधील आर्काशों उपसागरात ट्रायब्युटिलटिनयुक्त रंगांमुळे कालवसंवर्धन संकटात आले होते. तेथे १९८२ मध्ये निर्बंध आले. २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार असे रंग वर्ज्य आहेत. तांबेही कालवांच्या पिलांना घातक असते. म्हणून खरवड खाडीत जाऊ न देणे हे कालवे व तिसऱ्यांच्या, पर्यायाने किनाऱ्यावरील कुटुंबांच्या उत्पन्नाचेच रक्षण होय.