‘अगं’ म्हणजे ब्रेक की वळ?

गेल्या दिवाळीत फराळाला आमच्याकडे चार कुटुंबं जमली होती. चकल्यांचं कौतुक संपलं आणि आयांच्या गप्पा नेहमीच्या विषयावर आल्या. मुलं चौदा-पंधराची झाली की ह्यूस्टनमध्ये एसएटीच्याही आधी एक परीक्षा दारात येऊन उभी राहते, ती म्हणजे ड्रायव्हिंग. “तू लेकीला कुठे घातलंस गं?” एका मैत्रिणीनं विचारलं. जणू गाण्याचा क्लासच! “अजून ठरत नाहीये,” असं म्हणून मी चहा टाकायला उठले. खरं म्हणजे ठरत नव्हतं असं नाही, मी तो विषय टाळत होते.

आम्ही राहतो केटीला. शाळेतून बँडच्या सरावाला, तिथून वाचनालयात, तिथून मैत्रिणीकडे, ही सगळी ने-आण आईच्या टॅक्सीनं. त्यामुळे लेक गाडी चालवायला लागली तर सुटका माझीच होती. तरी मन तयार होत नव्हतं. त्याचं कारण पुढे सांगते, आधी माहिती देते, कारण यंदा अनेक घरांत हाच प्रश्न असणार आहे.

टेक्ससमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना परवाना हवा असेल तर ड्रायव्हर एज्युकेशन सक्तीचं आहे. त्याच्या वाटा तीन. एक, खासगी ड्रायव्हिंग स्कूल. दुसरी, काही हायस्कूलमध्ये चालणारा कोर्स. तो आमच्या लेकीच्या शाळेत नव्हता. तिसरी, ‘पेरेंट टॉट’, म्हणजे धडे मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्समधून आणि गाडी शिकवायची आई-वडिलांनी. आजी-आजोबांनाही शिकवता येतं. मात्र शिकवणाऱ्याचा परवाना आधीची किमान तीन वर्षं वैध असावा लागतो. या वाटेनं जायचं तर राज्याच्या परवाना विभागाकडून, म्हणजे टीडीएलआरकडून, २० डॉलर भरून मार्गदर्शिका घ्यावी लागते आणि ती शिकवायला सुरुवात करण्याआधीच घ्यावी लागते. हे नीट लक्षात ठेवा.

गाडीतले तास मात्र कुठल्याही वाटेनं गेलात तरी सारखेच. ७ तास शिक्षकाशेजारी बसून चालवायचं, ७ तास दुसरा चालवत असताना बघायचं आणि त्याशिवाय ३० तास सराव करायचा, त्यातले किमान १० रात्रीचे. लर्नर लायसन्स पंधराव्या वर्षी मिळतं. ते सहा महिने हातात असलं आणि सोळा वर्षं पूर्ण झाली की रोड टेस्ट देऊन पुढचा परवाना.

नवऱ्याचं मत ठाम होतं. “स्कूलमध्ये घाल. पैसे जातील, पण घरात शांतता राहील.” हा अनुभवाचा बोल होता. सोळा वर्षांपूर्वी मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा मला गाडी शिकवायला घेतली त्यानंच. साताऱ्याला मी कॉलेजपासून स्कूटी चालवलेली, एम.ए. झालेली, शाळेत मराठी शिकवलेलं. पण त्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तो इतका ओरडला की तिसऱ्या दिवशी मी गाडीतून उतरले आणि चालत घरी आले. पुढे एका शिक्षकाकडे शिकले, परवाना मिळाला. व्हिसाच्या तारखेला बांधलेला तो परवाना दर वेळी नवा करताना जीव टांगणीला लागायचा. पण धीर असा आलाच नाही. इतक्या वर्षांत मी फ्रीवेवर एकटी कधी गेले नव्हते. फीडरनं आणि आतल्या रस्त्यांनी, वीस मिनिटांचं अंतर पन्नास मिनिटांत कापायचं, ही माझी रीत. जिला स्वतःला भीती वाटते ती काय शिकवणार, हे माझं टाळण्याचं कारण होतं.

म्हणून मी दोन ड्रायव्हिंग स्कूल बघून आले. तुम्हीही जाल तेव्हा किंमत विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. गाडीत एका वेळी किती मुलं असतात? शिकवणारा दर वेळी तोच असतो का? पाळी यायला किती दिवस लागतात? पावसात आणि फ्रीवेवर नेतात का? एका ठिकाणी पहिल्या पाळीलाच दीड महिना थांबावं लागणार होतं. दुसरं बरं वाटलं. मी पैसे भरायच्या बेतात होते, तेवढ्यात सहज विचारलं, “आणि ते ३० तास?” काउंटरवरची बाई हसून म्हणाली, “ते तुमचे.”

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ज्या गोष्टीपासून मी पैसे देऊन सुटू बघत होते, ती कुठल्याच वाटेनं सुटणार नव्हती. ‘स्कूल की आई-बाबा’ हा प्रश्नच अर्धा होता. तीस तास शेजारच्या सीटवर घरातलंच कुणीतरी बसणार होतं. नवरा आठवड्यातले चार दिवस गावाला असतो. म्हणजे कोण, ते उघड होतं. रात्री लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग सगळंच तू शिकव ना, आई. तू टीचर होतीस.”

असा आमचा ‘पेरेंट टॉट’ ठरला. आणि पहिला धडा मलाच मिळाला. निरीक्षणाच्या ७ तासांत लेक वही घेऊन शेजारी बसायची. शिक्षिकेची मुलगी ती! पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं: “स्टॉप साइनला आई तीन वेळा पूर्ण थांबली नाही. लेन बदलताना फक्त आरशात बघते, मान वळवत नाही. फ्रीवे: नाही.” ते शेवटचं वाचून माझा चेहरा पडला. इतकी वर्षं मी मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, आता माझीच वही तपासली गेली.

मग ती चालवायला लागली. तिसऱ्या आठवड्यात फीडरवर एक पिकअप बाजूनं आत घुसला आणि मी ओरडले, “अगं, अगं, अगं!” लेकीनं करकचून ब्रेक मारला. मागच्या गाडीनं लांबलचक हॉर्न दिला. थोडक्यात वाचलो. पुढच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून दोघी थरथरत बसलो. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “आई, ‘अगं’ म्हणजे ब्रेक की वळ?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं. वर्गात मी कधी अशी मोघम सूचना दिली नसती. त्या रात्री आम्ही शब्द ठरवले. ‘थांब’ म्हणजे ब्रेक. ‘हळू’ म्हणजे फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढ. ‘आरसा’ म्हणजे मागे बघ. वळण आधी सांगायचं, ऐन वेळी नाही. आणि ‘अगं’ गाडीत बंद. नवऱ्यालाही हे लागू केलं. त्याचं ओरडणं निम्म्यावर आलं.

फ्रीवेसाठी मात्र मी एका शिक्षकाच्या दोन तासिका विकत घेतल्या, लेकीच्या नाही, माझ्या स्वतःच्या. नंतरच तिला घेऊन केटी फ्रीवेवर गेले. आई-वडिलांनी शिकवायचं ठरवलं म्हणून मदत घेऊ नये असा कुठे नियम नाही.

एक धडा आपल्याला नवा असतो. पोलिसांनी गाडी थांबवली तर कसं वागायचं, हा विषय टेक्ससनं २०१७ च्या कायद्यानं ड्रायव्हर एज्युकेशनमध्ये घेतला आहे. आपण गावाकडे गाडीवरून उतरून ‘मामां’ना समजावायला जाणारी माणसं. इथे गाडीतच बसून राहायचं, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, कागद काढण्याआधी सांगायचं. आम्ही घरासमोरच्या ड्राइव्हवेत हे नाटकासारखं करून बघितलं. पोलीस झालेला धाकटा खूप हसला, मला हसू आलं नाही.

सरावाच्या तासांची नोंद पालकांनीच ठेवून सही करायची असते. “आकडे भर गं, कोण बघतंय?” असं मला एकदा कुणी सांगितलंही. पण परवाना मिळाल्यानंतरचे पहिले महिनेच नवशिक्या मुलांसाठी सगळ्यात धोक्याचे असतात, आणि गाडीत मित्र बसले की धोका वाढतो. म्हणून तर नव्या परवान्यावर घरच्यांखेरीज एकवीसखालचा एकच प्रवासी चालतो, मध्यरात्र ते पहाटे पाच साधारणपणे गाडी चालवायची नाही आणि अठरापर्यंत चालवताना फोनला हात लावायचा नाही, हँड्सफ्रीसुद्धा नाही. खोटी हजेरी मांडून मी कुणाला फसवणार होते?

तुमच्या घरी कदाचित स्कूलच योग्य ठरेल. दोघांच्याही नोकऱ्या असतील, किंवा गाडीत बसताच भांडण होत असेल, तर खुशाल स्कूल निवडा. फक्त ते ३० तास कोणाचे, हे आधी ठरवा.

आमच्या वहीत आज २६ तास भरलेत. रात्रीचे चार उरलेत. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाहून घरी येताना त्यातला एक होईल. लेक चालवेल, मी फराळाचे रिकामे डबे मांडीवर घेऊन शेजारी बसेन. रोड टेस्ट जानेवारीत आहे. पार्किंगमधून निघताना आम्ही दिसलो तर हात करा, पण तिनं परत हात केला नाही तर राग मानू नका. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला मीच शिकवलंय.