जुने ते सोने. पण कसोटी लावून

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारातून सहा कपबशांचा एक संच मी घरी आणला. पांढराशुभ्र रंग, काठाला सोनेरी रेघ, पोटावर नाजूक गुलाबी फुले. उन्हात धरला की पलीकडची बोटे दिसावीत इतका तलम! घासाघीस करून पंधराशे रुपयांत मिळाला, याचा आनंद संचापेक्षाही मोठा होता. शेवटी आपण व्यापाऱ्याच्या घरातले. खरेदी साधली की जेवण गोड लागते.

त्याच आठवड्यात व्याख्यान आटोपून काकीसासूबाई घरी आल्या. मोठ्या हौसेने त्या कपातून चहा दिला. त्यांनी कप ओठांपाशी नेला, थांबल्या, बशीतून उचलून खालची बाजू पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “सूनबाई, यावर ‘बोन चायना’ लिहिलंय. हे हाडांचं आहे गं.” चहा तसाच राहिला. मी स्टीलचा पेला आणला. त्या एक शब्द अधिक बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच मला तो प्रसंग आजवर विसरता आलेला नाही.

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद मी सोडला नाही. मात्र त्या दिवसापासून त्याची पद्धत बदलली. हौस, काटकसर आणि धर्म यांचा मेळ घालून हा छंद कसा जोपासता येतो, ते वाचकांपुढे मांडावेसे वाटले.

चिनी माती आणि हाडांची राख

आपण सरसकट ज्याला ‘चिनी माती’ म्हणतो, त्यात अनेक प्रकार येतात. चीनमध्ये विकसित झालेले पोर्सेलिन हे केओलिन नावाची पांढरी माती आणि विशिष्ट खडकाची भुकटी यांपासून बनते. त्यात प्राणिज काही नसते. युरोपला हे रहस्य दीर्घकाळ उमगले नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे जोसाया स्पोड यांनी मातीत जनावरांची हाडे जाळून केलेली राख मिसळण्याची रीत पक्की केली. तेच बोन चायना. त्यात हाडांच्या राखेचे प्रमाण साधारणपणे निम्म्याच्या आसपास असते, आणि ही हाडे मुख्यतः गुराढोरांची असतात.

ओळखावे कसे? पहिली खूण म्हणजे तळाचा शिक्का. बोन चायना बनविणारे कारखाने ते नाव अभिमानाने छापतात. दुसरी खूण रंगाची. बोन चायनाचा पांढरेपणा उबदार, दुधाळ असतो. पोर्सेलिनची पांढरी छटा थंड, किंचित निळसर वा करडी असते. पलीकडचे दिसणे ही मात्र खात्रीची खूण नव्हे, कारण पातळ पोर्सेलिनमधूनही प्रकाश आरपार जातो. शिक्का नाही, वस्तू इंग्लंडची दिसते आणि मनात शंका आहे, तर ती वस्तू ठेवून द्यावी. शंकेचा माल न घेण्यात व्यापाऱ्याचेही हित आहे आणि श्रावकाचेही.

शिक्क्यावरून वयही कळते. अमेरिकेने १८९१पासून आयात मालावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत छापणे बंधनकारक केले. म्हणून जपानी भांड्यावर ‘निप्पॉन’ असे असेल, तर ते बहुधा १८९१ ते १९२१ या काळातले. त्यानंतर ‘जपान’ हा शब्द आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान परकीय ताब्यात असताना, म्हणजे १९५२पर्यंत, काही भांड्यांवर ‘ऑक्युपाइड जपान’ असे छापले जाई. जपानी पोर्सेलिनच्या सुट्या बश्या बाजारात अजूनही परवडतात आणि आपल्या घरांना त्या चालतात. फक्त तळ वाचून घ्यावा, कारण जपानी कारखान्यांनी पुढे बोन चायनाही बनविले आहे.

थोडक्या पैशांत खरेदी

पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडीबाजाराजवळची मटण स्ट्रीट, म्हणजेच चोरबाजार, प्रसिद्धच आहे. गावोगावच्या भंगाराच्या वखारी आणि मोडीची भांडी घेणारी दुकाने यांतही पुष्कळ काही सापडते. काही नियम मी स्वतःपुरते ठरवून घेतले आहेत.

पूर्ण संचाच्या मागे लागू नये. दहा वेगवेगळ्या निळ्या-पांढऱ्या बश्या एकत्र मांडल्या तर त्यांचाच एक सुरेख संच होतो, आणि सुट्या बशीची किंमत संचातल्या बशीच्या मानाने फारच कमी असते. भांडे बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारावी. स्वच्छ नाद आला तर ते अखंड. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. काठावरून नख फिरवावे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा टवका हाताला लागतो. झिलईवर बारीक जाळी पडली असेल, तर ते भांडे शोभेसाठी ठेवावे. त्यात खाद्यपदार्थ मुरतो. जुन्या रंगांत आणि झिलईत शिसे असू शकते, म्हणून आंबट पदार्थ, लोणची यांसाठी अशी भांडी वापरू नयेत.

पितळेबाबत जवळ लहानसे लोहचुंबक असावे. चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे, वर केवळ मुलामा. मोडीचा त्या दिवसाचा दर विचारून जावे. वजनाची किंमत कळली की वर किती द्यायचे, ते आपल्या हाती राहते. अलीकडे मुरादाबादसारख्या ठिकाणी नव्या पितळेलाही रसायनांनी जुनेपण आणतात. खऱ्या जुन्या भांड्याची झीज मात्र जिथे हात लागतो तिथेच दिसते: कडीला, काठाला, बुडाला. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल, तर ते वय नव्हे, रंगकाम होय.

पितळेत ताक वा आमटी ठेवली की ती कळकते, म्हणून वापरायच्या भांड्याला कल्हई हवीच. भांडे तापवून नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरवायचे, हे काम करणारे कारागीर आता मोजके उरले आहेत. त्यांच्याकडे भांडे नेणे, हाही त्या विद्येला दिलेला आधारच आहे.

आपल्याच माळ्यावरचा खजिना

खरे तर सर्वांत स्वस्त संग्रह घरातच असतो. स्टीलची भांडी आली, तेव्हा आपल्या कितीतरी घरांतली घंगाळी, बंब, परात, पानदाने वजनावर मोडीत गेली. ज्या भांड्यावर आजीचे नाव आणि लग्नाचे साल कोरलेले होते, तेही गेले. जे उरले ते माळ्यावर आहे.

व्यापारी घराण्यांकडे तर आणखी एक ठेवा असतो: दुकानाचा. शेर, अदपाव, पावशेर अशी लोखंडी वजने. पायली, अधोली, शेर, चिपटे ही धान्याची मापे. दौत, बोरू, लाकडी गल्ला, लाल कापडी पुठ्ठ्याच्या खतावण्या. १९५८पासून देशात दशमान वजने येऊ लागली आणि ही सारी वजने-मापे काही वर्षांत निरुपयोगी ठरली. खोटे वजन, खोटे माप वापरणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. आजोबांचा पितळी तराजू दिवाणखान्यात मांडला, तर नातवाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागणार नाही.

पुण्याचे दिनकर केळकर यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. त्यांचा व्यवसाय चष्म्यांचा. पण दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे असे रोजच्या वापरातले कलात्मक सामान त्यांनी आयुष्यभर जमविले. अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५मध्ये हजारो वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. जमविणे आणि देऊन टाकणे, दोन्ही एकाच माणसाने केले, हे विशेष.

काय घेऊ नये

हस्तिदंती मुठीचा चाकू, कासवाच्या पाठीचा कंगवा, शिंगाच्या दांड्याची छत्री अशा वस्तू जुन्या बाजारात हमखास भेटतात. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. पण कायदा नसता तरी आपले उत्तर निराळे नसते.

वस्तू कुठून आली, हे विचारण्याची लाज बाळगू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही अचौर्याचा अतिचारच आहे, मग तो कितीही स्वस्त असो.

आणि कधी धातूची तीर्थंकर-प्रतिमा किंवा जुनी हस्तलिखित पोथी विकायला मांडलेली दिसली, तर? तिला शोभेची वस्तू समजून उचलू नये. ती आशातना होय. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, मूर्तीसारख्या वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि त्या खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. अशी वस्तू दिसताच संघातील जाणत्यांना कळवावे. घरातच पोथ्या असतील, तर पुण्याची भांडारकर संस्था किंवा कोबा येथील ज्ञानमंदिर अशा ठिकाणी विचारणा करावी. वाळवीच्या तोंडी देण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

संग्रह की परिग्रह?

श्रावकाच्या परिग्रह-परिमाणात जे नऊ प्रकार मोजतात, त्यांत ‘कुप्य’ हा एक आहे. कुप्य म्हणजे घरातली भांडीकुंडी, सामानसुमान. म्हणजे आपला हा छंद थेट व्रताच्या कक्षेत येतो. शास्त्रकारांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, आसक्तीत पाहिले. पण त्या सवलतीचा आधार घेऊन कपाटे भरत जाणे ही स्वतःची फसवणूक ठरेल.

जुने वापरण्यात एक गुण निश्चित आहे. नव्या वस्तूसाठी होणारा आरंभ-समारंभ टळतो. नवी भट्टी पेटत नाही, नवी खाण खणली जात नाही. म्हणून मी मर्यादा अशी घातली आहे: महिन्याला पाचशे रुपये, एकच काचेचे कपाट, आणि एक वस्तू आत आली की एक बाहेर जाणार. पर्युषणात कपाट उघडून प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारते, ही उद्या फुटली तर मला किती वाईट वाटेल? जिच्याबद्दल फार वाईट वाटेल, तीच आधी कुणालातरी देते. सोपे जात नाही. गेल्या वर्षी एक काशाची वाटी तीनदा बाहेर काढून तीनदा परत ठेवली. चौथ्यांदा ती नणंदेच्या मुलीच्या रुखवतात गेली.

त्या गुलाबी फुलांच्या संचाचे काय झाले? वस्तू जुनीच होती. तिच्यासाठी नव्याने कुणाचा जीव जाणार नव्हता, असा युक्तिवाद मी करून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, “आपण केलं नाही, करवलं नाही, हे खरं. पण रोज त्यातून चहा पिऊन वा, काय सुंदर म्हणणं, हे अनुमोदनच ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. फेकून देण्याने काही साधणार नव्हते, आणि काही न सांगता विकणे आम्हाला शोभले नसते. शेवटी ज्यांना अडचण नव्हती अशा एका परिचितांना, तो कशाचा आहे हे स्पष्ट सांगून, घेतल्या किमतीलाच देऊन टाकला. नफा नाही, तोटा नाही.

आता काकीसासूबाई आल्या की त्यांना निळ्या वेलीच्या जपानी पोर्सेलिनच्या कपातून चहा देते. पहिल्यांदा दिला, तेव्हा त्यांनी कप उचलून खालची बाजू पाहिली. मग हसल्या, आणि चहा प्यायल्या.