शरीरातील पाण्याचा हिशेबनीस : व्हॅसोप्रेसिन

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पाण्याचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात भरलेला रांजण किती दिवस पुरवायचा, हा हिशेब घरातील बाई रोज करते. असाच हिशेब आपले शरीरही अहोरात्र करीत असते. त्याचा हिशेबनीस म्हणजे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक. डॉक्टर मंडळी त्याला 'एडीएच' असेही म्हणतात.

हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस या भागात तयार होते व पियुषिका ग्रंथीतून रक्तात सोडले जाते. भर उन्हात निंदणी करणाऱ्या मजुराचा घाम गेला आणि पाणी पोटात गेले नाही, की रक्त दाट व खारट होते. हा फरक एक-दोन टक्क्यांचा असला तरी मेंदूला कळतो. तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन कामाला लागते.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. बाकीचे पाणी रक्तात परत जमा होते. यातील बराचसा भाग आपोआप परत येतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर शेवटच्या हप्त्यावर व्हॅसोप्रेसिनची सही लागते. ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांची 'पाण्याची दारे' उघडते. या दारांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराने पाणी असे राखले की लघवी थोडी व गडद पिवळी होते. रक्तस्रावाने रक्तदाब घसरला, तर हेच संप्रेरक रक्तवाहिन्या आकुंचित करून तो सावरते.

दारू या संप्रेरकाला दाबते. पिणाऱ्याला लघवी जास्त होते व शरीर कोरडे पडते. पंचशीलातील पाचव्या शीलाला शरीरशास्त्राचाही असा दुजोरा आहे.

आता आपल्या भागाचा प्रश्न. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील अनेक गावांचे भूजल खारे आहे. असे पाणी पिणाऱ्याच्या पोटात पाण्याबरोबर मीठही जाते. ते सौम्य करण्यासाठी शरीर पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते व अनेकांचा रक्तदाब चढतो. चढलेला रक्तदाब पुढे मूत्रपिंडांनाच इजा करतो. म्हणून गोड्या पाण्याची मागणी ही केवळ सोयीची नव्हे, आरोग्याची मागणी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत स्वच्छतागृहाची सोय नसल्याने कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. हिशेबनीस कितीही हुशार असला, तरी जमाच नसेल तर तो खर्च किती दिवस रोखणार? म्हातारपणी तहानही कमी जाणवते; घरातील वृद्धांना आठवणीने पाणी द्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ पोटात जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे-पापडातील मीठही त्यातच धरायचे, एवढे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.