अग्निरोधक दाराची पोलादी चौकट
अग्निरोधक दाराची खरी मदार चौकटीवर असते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले. अशा इमारतीत धूर नि ज्वाळा काही काळ थोपवणे हे या दाराचे काम.

चौकट ओळंब्यात आणि पाणसळीत उभी करतात. दोन्ही कर्ण सारखे भरले, की ती गुण्यात आहे. होल्डफास्टने भिंतीत पक्की करून पोकळीत सिमेंटचा माल ठासतात. त्याआधी मध्ये आडवे टेकू हवेतच, नाहीतर उभे खांब आत दबतात आणि दार अडते. घाईत भरलेला साधा फोम आगीत जळून जातो, तो टाळावाच. पल्ला आणि चौकट यांत साधारण ३ मिलिमीटर फट ठेवतात. शेवटी दार आपोआप बंद करणारा क्लोजर तपासावा, आणि दाराला वीट लावून ते उघडे ठेवू नये.