इंद्रायणीत सोडलेले कागद

नागफणीच्या सुळक्याशेजारी वसलेल्या कुरवंडे गावाच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते. ज्या घाटवाटेने १६६१ मध्ये कारतलबखानाची मोगल फौज कोकणात उतरली आणि उंबरखिंडीत अडकली, तिच्याच माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी पूर्वेकडे वळून कार्ल्याच्या डोंगराखालून, देहू-आळंदीवरून वाहत तुळापुरी भीमेस मिळते.

मनुष्याच्या धर्मनिष्ठेस मंजुरी कोणी द्यावी, हा प्रश्न या नदीकाठी फार जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत, म्हणजे परकीय म्हणविणाऱ्यांसही बौद्ध संघाने दाते म्हणून सामावून घेतले होते. आळंदीस मात्र संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना, परंपरा सांगते त्याप्रमाणे, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. ज्यांच्या शुद्धतेची अशी चौकशी झाली, त्यांतल्याच एकाने शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध केली.

तुकोबांनी या नदीत दोनदा कागद सोडले. वडिलार्जित सावकारीची खते धाकट्या भावाशी वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी बुडविली, तेव्हा त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती, आणि ऋणकोंवरील हक्काबरोबर गावातली पतही त्यांनी सोडून दिली. पुढे शूद्राने वेदार्थ सांगू नये असा आक्षेप वाघोलीच्या रामेश्वर भटांनी घेतला व अभंगांच्या वह्या डोहात गेल्या. तेरा दिवस तुकोबा काठावर निराहार बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी सांप्रदायिकांची श्रद्धा आहे. रामेश्वर भटही पुढे त्यांचे अनुयायी झाले. कथेकरी येथे जयजयकार करून थांबतात. मला मात्र त्यापुढील अभंग अधिक मोलाचे वाटतात. त्यांत विजयाचा उन्माद नाही. देवाला आपण संकटात घातले, त्याचा अंत पाहिला, याबद्दल जीव तोडून मागितलेली क्षमा आहे. लोकांच्या संमतीची अपेक्षा सुटणे कठीण खरेच, परंतु आपले खरेपण ईश्वराने सर्वांसमक्ष शाबीत करावे, ही आस त्याहून खोल रुजलेली असते, आणि तीही तुकोबांना अपराध वाटली.

‘लोक काय म्हणतील’ या धाकाखाली मुलीचे लग्न, घराचा रंग आणि देवपूजाही ठरविणाऱ्या आपल्यासारख्या संसारी माणसांना ही पायरी दूरची वाटेल, तरी तिची ओळख सर्व धर्मांनी ठेविली आहे. बुद्धाने निंदा आणि प्रशंसा यांची गणना मनास हेलकावणाऱ्या आठ लोकधर्मांत केली. गीतेच्या बाराव्या अध्यायात दोहोंस समान लेखणे हे भक्ताचे लक्षण सांगितले आहे. येशूने दानधर्म गुप्त ठेवावयास सांगितले. आणि नवव्या शतकात खुरासानातील निशापूरचे मलामती सूफी तर आपली साधना झाकून ठेवीत व लोकनिंदा आनंदाने पत्करीत, कारण साधुत्वाची कीर्ती हाच साधनेतील शेवटचा अडसर होय असे ते मानीत.

देहूच्या परंपरेत तुकोबांच्या समकालीन अनगडशाह फकिराला मानाचे स्थान आहे. आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी गाव सोडताना त्यांच्या दर्ग्यापाशी थांबते, तेथे अभंग आणि आरती होते, आणि मग टाळकरी पुढे चालू लागतात, तेव्हा काठाशेजारून कुरवंड्याकडचे गढूळ पाणी वाहत असते.